पहिल्या वर्षाची साक्ष

"मोबाइल बंद. आणि कुणी हसलं, तर गाठ माझ्याशी आहे," सरांनी कोर्टाच्या दारातच दम भरला आणि कायद्याच्या पहिल्या वर्षाचा अख्खा वर्ग पावलं न वाजवता आत शिरला.

मौनी नेहमीप्रमाणे मधे बसला. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला तुरटी. ताई दोन मुलांची आई; पस्तिशी ओलांडल्यावर तिने प्रवेश घेतला होता. तुरटीच्या जिभेपुढे भलेभले गप्प व्हायचे. आणि हा बोलायचाच नाही, म्हणून मौनी. कॉलेज सुरू झाल्यापासून तिघांचा बाक एक, डबा एक, टिपणं एक. मौनीला न कळलेलं कलम ताई पोळ्या लाटता लाटता फोनवर समजावून सांगायची. एवढं सख्य असूनही घरातली एक गोष्ट त्याने दोघींपासून लपवली होती.

कारणही तसंच होतं. निष्काळजीपणावरचा तास चालू असताना तुरटी ताडकन उठून म्हणाली होती, "चाकाखाली माणूस घालायचा आणि वर 'चूक झाली' म्हणायचं! अशांना दयामाया कसली, सर?" त्या दुपारी मौनी डबा खायला आलाच नव्हता.

शिपायाने पुकारा केला. पिंजऱ्यात येऊन उभा राहिला तो मौनीचा बाप.

बाबा बस चालवायचे. गेल्या वर्षी चौकात एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या बसखाली आले आणि जागीच गेले. "निकालाची तारीख पुढे गेली रे, तू कॉलेज बुडवू नकोस," असं मौनीला सांगून बाबा सकाळी घराबाहेर पडले होते. खरं काय ते फक्त आईला ठाऊक होतं, आणि तिलाही त्यांनी घरीच थांबवलं होतं.

गुन्हा सिद्ध झाल्याचं न्यायाधीश बाईंनी सांगितलं.

"बरं झालं," तुरटी कुजबुजली.

"शिक्षेबद्दल काही म्हणायचंय?" बाईंनी विचारलं.

"काय म्हणू, बाईसाहेब? नजर आरशाकडे होती माझी. ब्रेक उशिरा लागला. माणूस गेला तो गेलाच."

"घरी कोण कोण असतं?"

बाबांनी मान वर केली. पांढऱ्या शर्टांच्या रांगांवरून त्यांची नजर फिरली आणि मौनीवर येऊन थबकली. क्षणभरच. मग परक्या माणसावरून काढावी तशी त्यांनी ती काढून घेतली.

"बायको असते."

"मुलंबाळं?"

"नाहीत."

पोराला चारचौघांत मान खाली घालावी लागू नये, म्हणून बापाने त्याला पुसून टाकलं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मौनीच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याने समोरच्या बाकाची पाठ धरली आणि तो उठला.

"मी आहे," तो म्हणाला. "मुलगा आहे मी त्यांचा."

सगळा वर्ग वळून बघू लागला. सर अर्धवट उठले. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "बसा खाली."

तो बसला तेव्हा ताईने त्याचा हात घट्ट धरला. तुरटीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

दोन वर्षांची सजा झाली.

व्हरांड्यात हवालदाराने दोन मिनिटं भेटू दिलं. बाबा चिडलेच होते. "उठायची काय गरज होती तुला? आता वर्गात कुठल्या तोंडाने जाऊन बसणार आहेस?"

मागून घोगरा आवाज आला. तुरटीचा.

"आमच्या मधे बसेल, काका. रोज बसतो तसाच."

बाबा दोघींना हात जोडायला गेले. पण एक हात हवालदाराच्या हातात होता.

वर्ग सरांबरोबर पुढच्या कोर्टाकडे गेला. या दोघी गेल्या नाहीत.

"आईला कोण सांगणार?" ताईने विचारलं.

"मीच."

"चल मग."

वाटेत तुरटी एकदाच बोलली. "त्या दिवशी वर्गात मी जे..."

"खोटं नव्हतं ते. बाबा तरी आज वेगळं काय म्हणाले?"

तिला भर रस्त्यात रडू फुटलं. मौनीने चाल मंद केली आणि तिच्या बरोबरीने चालत राहिला.

आई दारातच उभी होती. पोराबरोबर दोन अनोळखी चेहरे पाहून ती काय ते समजली आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"किती?"

"दोन वर्षं."

मग तिने हळूच विचारलं, "आपल्याबद्दल काही बोलले का रे?"

मौनी वाकून बुटाची नाडी सोडू लागला. तुरटी आईशेजारी जमिनीवर बसली.

"बोलले ना, काकू. न्यायाधीशांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? तर काका म्हणाले, बायको आहे, आणि मुलगा वकील होतोय."

"सगळ्यांसमोर?"

"भरल्या कोर्टात."

आईने ताईकडे पाहिलं. ताईने होकारार्थी मान डोलावली.

"त्यांना असं बोलता येत नाही कधी," आई म्हणाली आणि तिने डोळे पुसले. मौनी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेला.