सीलबंद पाठुंगळी

मी पाठुंगळी बोलतेय. नाक मुरडू नका. नाव माझं आणि तोराही माझाच. कारखान्यात मला एक लांबलचक नाव दिलं होतं, खोक्यावर ते चंदेरी अक्षरांत छापलंही होतं. पण पॅकिंगच्या बायकांना ते उच्चारायला वेळ कुठला? पोराला पाठुंगळी घ्यावं तसं व्हिडिओ गेमच्या कन्सोलने मला पाठीवर घ्यायचं असतं, म्हणून त्यांनी मला हे नाव ठेवलं. मला ते चंदेरी नावापेक्षा जास्त आवडतं.

मी स्वतः कन्सोल नाही. कन्सोलच्या पाठीवर बसून त्याला जास्तीचं बळ देणारी मी. एरवी त्याच्या पडद्यावरचे डोंगर कागदातून कापल्यासारखे सपाट असायचे. मी बसले की त्याच डोंगरांना पोट यायचं, पाठ यायची, त्यांच्यामागे जाऊन बघता यायचं. त्या काळात हे घरच्या टीव्हीवर करून दाखवणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

बाजारात मात्र मी सपशेल आपटले. त्यात लपवायचं काय? मी दुकानात पोचते न पोचते तोच मला जन्म देणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं, की लवकरच नवा कन्सोल येतोय आणि त्याला पाठुंगळीची गरजच नाही. घरच्यांनीच पाय ओढले तर बाहेरच्यांना काय बोलणार? माझ्यासाठी बनलेले गेम तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच.

त्यातून माझी तऱ्हा खानदानी. मला माझा वेगळा प्लग लागतो. शिवाय कन्सोलपासून माझ्यापर्यंत वीतभर लांबीची एक वायर जोडावी लागते. ही वायर खोक्याच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या घडीत ठेवलेली असायची. लोक घाईघाईने माझ्या बहिणींना, म्हणजे माझ्यासारख्याच दुसऱ्या पाठुंगळ्यांना, कन्सोलच्या पाठीवर चढवायचे, वायर राहायची खोक्यात, पडदा राहायचा काळा, आणि दुसऱ्या दिवशी त्या दुकानात परत. कुबड म्हणायचे आम्हाला. बिघडलेलं कुबड गळ्यात मारलं म्हणून दुकानदाराशी भांडायचे. नाचता येईना अंगण वाकडं. अशा परत आलेल्या माझ्या कितीतरी बहिणी ठणठणीत होत्या, हे आज कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगतेय.

जन्माचं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त आठवतं ते पॅकिंगचं टेबल. तिथे खोक्यावर पातळ प्लॅस्टिक चढवायचे, तापलेल्या तारेने कडेला शिवण मारायचे आणि गरम हवेच्या पेटीतून सरकवायचे. प्लॅस्टिक आकसून अंगाला असं बसायचं की सुरकुती शोधून सापडणार नाही. यालाच सील म्हणतात. त्या टेबलावर एक तरुण मुलगी होती. खोकं पुढे सरकवण्याआधी ती त्यावर दोन थापा मारायची, पोराला निजवताना मारतात तशा हलक्या. माझ्यावरही मारल्या. बाकीच्या तिला हसायच्या. ती म्हणायची, कुणाच्या घरी जातंय कुणास ठाऊक, नीट जाऊ दे बाई. असं करणारी ती एकटीच.

मी निघाले आणि थोड्याच दिवसांत माझं उत्पादन बंद झालं. ट्रकवाल्यांच्या बोलण्यातून कळलं, की पॅकिंगच्या सगळ्या बायकांना घरी पाठवलं.

मी एका खेळण्यांच्या दुकानात पडून राहिले. तिथला मालक स्वभावाने बरा, पण त्याला माझी किंमत शून्य. गल्ल्याशेजारच्या टेबलफॅनला उंची हवी होती, ती त्याने माझ्या खोक्याने भागवली. जन्माला मी कुणाच्या तरी वर बसायला आले होते आणि नशिबात आलं खाली बसणं. पण तिथेही मी मान तुकवली नाही. माझं सील शाबूत होतं. एका कोपऱ्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं, बाकी मी जशी निघाले तशी कोरी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःलाच बजावायची.

पुढे ते दुकान बंद होणार अशी पाटी लागली आणि एक उंच, केस पिकलेले गृहस्थ आत आले. जुनं काही पडलंय का, म्हणून विचारू लागले. पंख्याखाली त्यांची नजर गेली आणि बोलता बोलता ते थांबलेच. पेशाने ते दातांचे डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, यांचं मात्र छान भरत होतं. छंद एकच, बाजारात आपटलेल्या गेमच्या वस्तू जमवायच्या. मालक म्हणाला, न्या खुशाल, पण माझा पंखा कशावर ठेवू? डॉक्टर गेले आणि स्वतःच्या दवाखान्यातलं स्टूल घेऊन आले.

स्टुलावर पंखा नीट बसेपर्यंत त्यांनी मालकाला सगळं सांगून टाकलं. आईवडील लवकर गेले, मोठ्या बहिणीने वाढवलं. ती या पाठुंगळीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ताई काय बनवते ते हे शाळेत छाती फुगवून सांगायचे. मग माल आपटला, पोरं यांना कुबडवालीचा भाऊ म्हणून चिडवू लागली आणि ताईची नोकरी गेली ती वेगळीच. तेव्हापासून त्यांना ताईच्या हातची एक पाठुंगळी हवी होती, आणि तीही सीलबंद.

घर दवाखान्याला लागूनच. बहीणभाऊ दोघंच राहायचे. ताई ओले हात पुसत बाहेर आल्या, मला मांडीवर घेतलं आणि बोटाने माझी शिवण चाचपली. थापा मारणारी ती मुलगी हीच तर नव्हे, असं माझ्या मनात आलं. पण पॅकिंगला बायका पुष्कळ होत्या, आणि सुरकुतल्यावर सगळे हात सारखेच दिसतात. ताई म्हणाल्या, उघड की, बघू तरी कशी चालते. डॉक्टर दचकले. असं अखंड सील आता शोधून सापडत नाही, म्हणाले. ताई "बरं" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला त्या वेळी डॉक्टरांचंच पटलं.

काचेच्या कपाटात मला मधली फळी मिळाली. आजूबाजूला सगळे उघडलेले, पिवळे पडलेले. एक हातमोजा होता, बोटं हलवून गेम खेळायचा म्हणे, पण त्याचं अर्धं बोटही कुणाचं ऐकत नसे. मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. डॉक्टर पाहुण्यांना आधी माझ्यापुढे आणून उभे करायचे आणि सांगायचे, ही माझ्या ताईच्या हातची. नाकावर माशी बसू देत नव्हते मी.

आणि मग घरात वास सुटला. सडक्या मासळीचा वास.

ताईंनी मोरी घासली. पलंगाखाली मेलेला उंदीर शोधला. पेशंट दवाखान्याकडे संशयाने पाहू लागले. एके सकाळी डॉक्टरांनी कपाट उघडलं, माझ्या कोपऱ्यातल्या त्या भोकाला नाक लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना लगेच कळलं. माझ्यासारख्या यंत्रांच्या पोटात वीज साठवणारे गोळीएवढे डबे असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. जुने झाले की वापरा न वापरा, त्यांच्यातलं पाणी पाझरतं. त्याचा असा वास येतो आणि ते पाणी हळूहळू आतल्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतं. लवकर उघडून साफ केलं तर यंत्र वाचतं. रेषा तुटल्या की संपलं, मग मी जन्मात एकदाही चालणार नव्हते.

हे सगळं ठाऊक असून त्यांनी काय केलं? माझ्या फळीवर डांबरगोळ्या ठेवल्या. ताईंना सांगितलं, उंदीरच असेल कुठेतरी.

मीही काही उघडा म्हणून टाहो फोडला नाही. पोटात आग पडली होती, पण सील गेलं की माझ्यात आणि त्या हातमोज्यात फरक काय उरणार?

असे बरेच दिवस गेले. एकदा दवाखान्यात गाल सुजलेला एक माणूस आला. दाढ ठणकत असून तो कितीतरी दिवस अंगावर काढत राहिला होता. डॉक्टर त्याच्यावर असे काही तडकले की कपाटात मला शब्दन् शब्द ऐकू आला. दाढ वरून पांढरीशुभ्र दिसते म्हणून काय झालं, म्हणाले. आत कीड लागली की उघडल्याशिवाय इलाज नाही. आणखी थांबलात तर मुळासकट जाईल.

ताई तेव्हा बाहेरच्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हातातली घडी ठेवली आणि डॉक्टर जेवायला आत आले तसं विचारलं, "छोट्या, डांबरगोळ्या एकाच फळीवर का रे?"

केस पिकलेले डॉक्टर ताटाकडे बघत बसले.

"आत्ता त्या माणसाला काय सांगितलंस ते या पाठुंगळीला का सांगत नाहीस?" ताई म्हणाल्या. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"ताई, ती तुझ्या हातची आहे. कोरी आहे. सील तोडलं की काय राहिलं तुझं?"

"माझं काय आहे तिच्यात? वरचं प्लॅस्टिक." ताईंचा आवाज चढला नाही. "आयुष्यातल्या उमेदीच्या दिवसांत मी खोकी बंद केली, छोट्या. चालू झालेलं एकही पाहिलं नाही. लोक कशाला हसले तेही मला कळलं नाही."

खरं सांगते, हे ऐकून मला स्वतःची लाज नाही वाटली, पण सीलचा हट्ट मात्र कुठल्या कुठे गेला. कारण मीही तर पाहिलं नव्हतं. मी काय करू शकते ते मला फक्त छापील माहितीवरून ठाऊक होतं.

रविवारी दवाखाना बंद होता. डॉक्टरांनी मला पेशंटच्या खुर्चीवर ठेवलं, डोक्यावरचा दिवा लावला, हातमोजे चढवले. पाती घेतली आणि शिवणीपाशी हात अडला. रोज लोकांच्या दाढा उपटणारा हात. शेवटी ताईंनीच पाती मागून घेतली. त्यांनी माझी शिवण चाचपली आणि एका रेषेत उकलली. फार बारीक आवाज झाला. मला गार हवा लागली.

मग माझं पोट उघडलं. दात कोरायच्या सळईने, छोट्या आरशात बघत डॉक्टरांनी हिरवट थर खरवडला, कापसाने व्हिनेगर लावलं, स्पिरिटने पुसलं. ताई दिवा हलवून धरत होत्या. पाझरलेले डबे निघाले, नवे बसले. एक रेष अर्धी खाल्ली गेली होती, तिच्यावर त्यांनी केसाएवढी तार जोडली. मध्येच सवयीने म्हणाले, दुखलं तर सांगा. ताई हसल्या, आणि मग तेही हसले.

दुपारी मला डॉक्टरांच्या संग्रहातल्या जुन्या कन्सोलच्या पाठीवर बसवलं. जन्मात पहिल्यांदा. माझ्यासाठी बनलेला एक गेम माझ्यात खोचला, माझा प्लग लागला, त्याचा प्लग लागला, जुना जाडजूड टीव्ही सुरू झाला आणि पडदा काळा राहिला.

डॉक्टरांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळाच. "उशीर केला मी, ताई," म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी आतून ओरडत होते, अरे शहाण्या, वायर. माझ्या कितीतरी बहिणी ज्या एका वायरीपायी बदनाम झाल्या, तीच वायर तूही विसरलास? माझ्याबद्दल सगळं वाचलेला माणूस, पण सील न तोडण्याच्या नादात खोकं कसं रिकामं करतात तेच विसरला होता.

ताईंना रिकामं खोकं पसरलेलं बघवत नाही. त्यांनी ते घडी घालायला उचललं तेव्हा तळाशी काहीतरी खुळखुळलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि पुठ्ठ्याच्या घडीतून ती वीतभर वायर बाहेर काढली.

आणि पडदा उजळला. एक पिवळा पक्षी, अंग सगळं कोनाकोनांचं, पंख घडी घातलेल्या कागदाचे असावेत तसे. समोर हिरवे डोंगर. आजच्या मानाने अगदी ओबडधोबड, मला ठाऊक आहे. ताईंनी दोन्ही हातांनी रिमोट धरला.

"त्या डोंगराच्या मागे जाता येतं का?"

"जा ना."

पक्षी वळला. डोंगराचं पोट दिसलं, पाठ दिसली, आणि पक्षी मागून फिरून पुन्हा पुढे आला. ते मी केलं. माझ्याच बळावर केलं. ताईंनी त्याला पुन्हा एकदा डोंगरामागून फिरवून आणलं. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "उगाच हसले रे लोक."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

आता मी कपाटात नसते, टीव्हीपाशी असते. जुन्या वस्तू जमवणारे कुणी आले की हळहळतात, सीलबंद असती तर काय बहार होती. डॉक्टर म्हणतात, सीलबंद असती तर मेली असती. ताई रोज दुपारी खेळतात. पक्षी रोज डोंगरावर आपटतो आणि त्या त्याला शिव्या घालतात. हातमोजा कपाटातून बघतो. बघू दे.

तुमच्याही घरी कुणी असं झाकून, जपून ठेवलेलं असेल, तर त्याला एकदा चालवून बघा. चाललं नाही तर लगेच बिघडलंय म्हणू नका. आधी खोक्याचा तळ चाचपा. आपटलेल्यांच्या वतीने माझं एवढंच मागणं आहे.

खेळ संपला की ताई दोन्ही प्लग काढतात, वायर जोडलेलीच ठेवतात, अंगावर स्वच्छ फडकं घालतात. पहिल्या दिवशी फडकं घातल्यावर त्यांनी माझ्यावर दोन हलक्या थापा मारल्या आणि मी शहारले. तशा थापा मारणारी त्या टेबलावर एकटीच होती. हजारो खोक्यांतून तिनेच थोपटलेली मी, आणि थोपटणारी तीच ही, हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ती म्हणाली होती, कुणाच्या घरी जातंय कुणास ठाऊक, नीट जाऊ दे. सांगायचं एवढंच, की बाई, मी नीट पोचले.