पांढऱ्या दगडांची चौकट

देवाला दिलेला शब्द माणसांच्या देखत दिला गेला, म्हणजे तो नेमका कोणाच्या हाती राहतो, हा प्रश्न जुना आहे. देव तगादा लावीत नाही. पुष्कळदा माणसेही लावीत नाहीत. ती केवळ विश्वास ठेवतात, आणि ते ओझे तगाद्याहून जड होते. असा शब्द परत मागावा की मागू नये, याचा निवाडा बाहेरच्याने करू नये. पुढे जे सांगतो आहे ते निवाड्यासाठी नव्हे.

“बाई, तुमची खोली साफ करून आले हो!”

शनिवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यातून घंटाआजीची हाक आली. शाळेची घंटा वाजवते म्हणून ती घंटाआजी. तिचे खरे नाव तिच्या सुनांनाही आठवावे लागत असे. आणि ‘खोली’ म्हणजे प्रार्थनामंदिरामागच्या कबरस्तानात चुन्याने रंगवलेल्या दगडांची चौकट घालून राखलेली माणूसभर जागा. दर शनिवारी तिथले गवत उपटण्याचे काम आजीने आपण होऊन अंगावर घेतले होते.

“कशी आहे खोली?” फळा पुसता पुसता बाईंनी विचारले.

“झकास! माती कशी लोण्यासारखी. पाठ दुखायची नाही तुमची. फक्त त्या कोपऱ्यात मुंग्यांनी बिऱ्हाड केलंय. मी म्हटलं, बायांनो, मालकीण आली की जागा सोडा, आधीच सांगून ठेवते.”

बाई हसल्या. ते हसूही आता सवयीचे झाले होते.

तरुणपणी त्या समुद्र ओलांडून या परक्या देशात, मिशनच्या शाळेत शिकवायला आल्या. पहिल्याच वर्षी साक्षीच्या सभेत, प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले ते मंडळीपुढे सांगताना, त्यांचे हृदय भरून आले आणि त्या बोलून गेल्या, “माझी हाडं याच मातीला मिळोत.” त्यांच्या मायदेशीच्या मंडळीत निरोपाच्या वेळी असे बोलले जाई, ऐकणारे डोळे पुसत आणि चहाला उठत. इथल्या माणसांना ती रीत ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे जण फावडी घेऊन शाळेच्या दारात हजर झाले.

“बाई, तुमची उंची किती?” त्यांच्यातल्या सुताराने विचारले.

“उंची? कशाला?”

“जागा आखायचीय. जरा ऐसपैसच धरतो. म्हातारपणी माणूस आखडतो, पण पेटी आखडत नाही.”

त्या दिवशी चौकटीकडे पाहून बाईंना धन्य वाटले होते. पुढे नुसते बरे वाटू लागले. आणि पुढे त्या मंदिराला वळसा घालून दुसऱ्या वाटेने जाऊ लागल्या. त्याचा उपयोग नव्हता. शाळेत त्यांच्या खोलीत दोन वर्ग एकत्र बसत. समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे होते, एका वर्गाकडे तोंड केले की दुसऱ्याकडे पाठ होई. धाकट्या वर्गाकडे वळले की खिडकीतून ते पांढरे दगड दिसत. बेरजा शिकवताना दिसत, स्तोत्र पाठ करून घेताना दिसत. प्रार्थनेत त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. परंतु पूर्वी प्रार्थनेला बसले की घरात पाऊल टाकल्यासारखे वाटे. अलीकडे दाराबाहेर उभे राहून बोलल्यासारखे वाटत असे.

त्याच शनिवारी दुपारी मायदेशाहून ताईचा फोन आला. आई लवकर गेली. बाईंना वाढवले ते या थोरल्या बहिणीने. आता ती एकटी होती. पडल्यापासून तिचे चालणे थांबले होते आणि डोळ्यांनीही साथ सोडली होती. शेजारीण फोन लावून तिच्या कानाशी धरी.

“काय गं, जेवलीस का?”

“जेवले. तुला दिसतं का गं काही?”

“उजेड दिसतो. खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीत कोण आहे ते नाही. काल शेजारणीला मी तुझ्या नावानं हाक मारली. बिचारी ‘ओ’ देते.” ताई हसली आणि मग तिचा आवाज खाली आला. “ये ना गं आता. रागावून नाही म्हणत. देवाचं पुष्कळ केलंस. थोडं माझं कर.”

ताईने आयुष्यात त्यांच्यापाशी कधी काही मागितले नव्हते.

संध्याकाळी बाई मंडळीच्या पाळकांकडे, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंकडे गेल्या. हे पाळक त्यांचेच जुने विद्यार्थी. आजही बाई आल्या की खुर्चीतून अर्धवट उठून उभे राहत.

“शाळेची काळजी नको,” सगळे ऐकून पाळक म्हणाले. “नव्या बाई छान रुळल्यात. मिशनचीही आडकाठी नाही. ते लोक उलट मलाच विचारतात, तुमच्या बाई निवृत्त कधी होणार म्हणून.”

“मग मी निघू?”

पाळकांनी टेबलावरची पुस्तके उगाच सरळ केली. “शब्द तुम्ही मिशनला दिला नव्हता, बाई. मंडळीत उभं राहून दिलेला शब्द मंडळीत उभं राहूनच परत मागायचा. दर वर्षी मुलांना हे तुम्हीच समजावून सांगता.”

रीत साधी होती. मागणाऱ्याने उभे राहून मागायचे. ज्याची हरकत असेल त्याने उठून उभे राहायचे. एक जण जरी उठला तरी शब्द कायम. कोणीच उठले नाही, तर मागणाऱ्याने खाली बसायचे. तो बसला की शब्द सुटला. सोयरीक मोडणारे, जमीन देतो असे बोलून अडकलेले, असे कितीतरी लोक त्या मंदिरात बसून मोकळे झाले होते.

“आणि कोणी उठलं तर?”

“तर माझाही इलाज नाही.” पाळक कसनुसे हसले. “खरं सांगू? मला आजीचीच भीती वाटते.”

रविवारी उपासनेच्या शेवटी बाई उभ्या राहिल्या. बोलणे त्यांनी मनाशी घोकून ठेवले होते. प्रत्यक्षात दोनच वाक्ये निघाली. “माझी बहीण आंधळी झालीय, तिला माझ्याशिवाय कोणी नाही. मी दिलेला शब्द मला परत द्या.”

“ज्याची हरकत असेल,” पाळक म्हणाले, “त्यानं उभं राहावं.”

एक बाक करकरला, कोणी उठले असे वाटून बाईंनी वळून पाहिले. परंतु तो सुतार होता, त्यांची उंची विचारायला आलेला. त्याचे केस आता पांढरे झाले होते. दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवून तो स्वतःला जणू खाली दाबून धरीत होता. पहिल्या बाकावर घंटाआजी होती. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी अशी घट्ट पकडली होती, जणू बाकच तिला उधळून देईल. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण ती उठली नाही. कोणीच उठले नाही.

“कोणाचीही हरकत नाही,” पाळक म्हणाले. “बसा, बाई.”

बाई बसल्या नाहीत.

प्रथम त्यांना स्वतःलाही वाटले, की गुडघे आखडले असावेत. त्यांनी बाकाच्या पाठीवर हात टेकला. मागे बसायची जागा होती. पुढे विमान होते, ताईची खिडकी होती. सगळे दरवाजे उघडे होते. इतकी वर्षे त्या समजत होत्या, की ही माणसे आपल्याला धरून आहेत. आज त्या सगळ्यांनी हात काढून घेतले होते, आणि तरीही कोणीतरी धरून होते. तो प्रभू होता की त्या स्वतःच होत्या, हे त्यांना कळेना. एवढे मात्र कळत होते, की तो शब्द वजा केला तर मागे उरणाऱ्या बाईला त्या ओळखत नव्हत्या.

“बाई, बसा ना,” पुढून घंटाआजी म्हणाली. “जागेचं काही मनावर घेऊ नका. मुंग्या आहेत की. त्यांना राहू देऊ आम्ही.”

मुले खुसखुसली. कोणीतरी त्यांना दटावले.

“बाई...” पाळक पुन्हा म्हणाले, उत्तर चुकले की काय अशा शंकेने विद्यार्थी बोलतो, तसे. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. पाळकांनी दोन्ही हात वर केले. “सर्वांनी आशीर्वचनासाठी उभं राहावं.”

सगळे मंदिर उठून उभे राहिले, आणि त्या उभ्या गर्दीत बाईंचे एकटे उभे राहणे झाकले गेले.

दुपारी त्यांनीच फोन लावला. “ताई, सगळ्यांनी सोडलं गं मला. मलाच बसता आलं नाही.”

फोन कट झाला असे वाटून त्यांनी दोनदा हाक मारली.

“आहे गं, आहे,” ताई म्हणाली. “आठवतंय मला. बाबांनी तुला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि विसरून बाजारात निघून गेले. मी ताट वाढून किती विनवलं. नाहीच आलीस. म्हणायचीस, बाबांनी उभं केलंय, बाबाच बस म्हणतील.”

“आले होते ना बाबा संध्याकाळी?”

“आले होते.” ताईने नाक ओढले. “मी जेवले नव्हते तोवर. ते तुला ठाऊकच नाही.”

बाईंनी पदराने डोळे पुसले.

“बरं, रडू नकोस. काहीतरी वाचून दाखव. ही शेजारीण इतक्या घाईनं वाचते, की ऐकणाऱ्या देवाला धाप लागेल. रोज वाचशील?”

“रोज वाचीन.”

पुढच्या शनिवारी घंटाआजीने हाक दिली नाही. बाई मोकळ्या झाल्या की नाही, हे तिला नीटसे उमगले नव्हते आणि विचारायचा धीर होत नव्हता. मुले घरी गेल्यावर बाई स्वतः मंदिरामागे गेल्या. पदर खोचून त्या चौकटीपाशी वाकल्या आणि गवत उपटू लागल्या. मुंग्यांचा कोपरा त्यांनी तसाच ठेवला. थोड्या वेळाने आजी आली, न बोलता दुसऱ्या टोकाला बसली आणि तीही उपटू लागली.

त्या मातीचे आणि तिच्या कोपऱ्यात नांदणाऱ्या मुंग्यांचे कल्याण असो. बाकाची कड धरून बसून राहिलेल्या म्हाताऱ्या आजीचे, आणि दूरच्या खोलीत उजेडाकडे तोंड करून रोज आवाजाची वाट पाहणाऱ्या बहिणीचे कल्याण असो. आणि उभ्या राहिलेल्या त्या बाईंना, ज्याने ‘बस’ म्हणायचे आहे, त्याने फार उशीर न करता येऊन तसे म्हणावे.