चाकं लावली की देशी

आयात गाड्यांचा बाजारातला वाटा वर्षभरात निम्म्यावर आला, हे कंपनीला साजरं करायचं होतं. दुपारी कॅमेरेवाले येणार होते. त्यासाठी वेल्डिंग शॉपच्या फोरमनला सकाळीच बोलावणं आलं.

वाटा कसा उतरला ते शॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गाडी परदेशातून रंगासकट तयार होऊन यायची. बंदरावर तिची चाकं आणि बंपर काढायचे, कारखान्यात आणून पुन्हा बसवायचे. झाली देशी. त्यात वेल्डिंगला कामच नव्हतं, म्हणून शॉप महिनाअखेरीस बंद होणार होतं.

बोलावणारा प्रसिद्धी विभागाचा साहेब हा फोरमनचा धाकटा मेहुणा.

"भाऊजी, दोन मिनिटांचं काम. गाडीजवळ उभं राहून ठिणग्या उडवायच्या."

"तयार गाडीवर?"

"टीव्हीवर कोणाला कळतंय? तुमची नोकरी राहील, मी वर बोललोय."

"आणि बाकीच्यांची?"

"त्यांचं सोडा हो."

"सोडू? तुझ्या जिन्याचं रेलिंग त्यांनीच सुट्टीच्या दिवशी येऊन जोडलं. तेव्हा चहा तरी विचारलास का?"

मेहुण्याने घड्याळ पाहिलं. "उगाच जुनं काढू नका. ठिणग्या भरपूर हव्यात."

"देतो."

शॉपमध्ये सगळ्यांना कोरे गणवेश वाटले होते. "मेहुण्यानं हिरो केला राव तुम्हाला," एक म्हातारा वेल्डर म्हणाला. कोणी हसलं नाही.

दिव्यांखाली पांढरीशुभ्र गाडी उभी होती. फोरमनने ग्राइंडर उचलला आणि दरवाजाच्या फटीलगतचा रंग खरवडायला घेतला. ठिणग्यांचा फवारा उडाला.

"वा काका, अजून!" कॅमेरावाला ओरडला.

मग फोरमनने तोंडावर मुखवटा ओढला आणि वेल्डिंग सुरू केलं. जळक्या रंगाचा वास पसरला तसा मेहुण्याचा चेहरा उतरला.

"भाऊजी, बास! अहो, दरवाजा..."

फोरमनने हात थांबवला नाही. फट वरपासून खालपर्यंत बुजली.

शेवटच्या दृश्यासाठी कंपनीचे मोठे साहेब गाडीत बसणार होते. मेहुणा अडवायच्या आत त्यांनी हसत त्याच दरवाजाचं हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. मग दोन्ही हातांनी हिसका दिला.

फोरमनने मुखवटा वर केला.

"ओढा, अजून जोर लावा. या गाडीत आपल्या देशात झालेलं काम तेवढंच आहे."