काका, पालकांचा गट वेगळा आहे

पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की मी ऑटिस्टिक आहे. बायको म्हणाली, "एवढंच ना? मला विचारलं असतंत तर फुकटात सांगितलं असतं."

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टमध्ये माणसं गप्प उभी राहतात, दाराकडे बघतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात. सगळ्या जगात अशीच शिस्त असती तर माझ्यावर डॉक्टरीणबाईंकडे जायची पाळीच आली नसती.

अशा माणसांच्या एका ऑनलाइन गटाचं नाव डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं. तिथे तुमच्यासारखी माणसं भेटतील म्हणाल्या. मी हरखलो. इस्त्रीच्या शर्टातला फोटो लावला आणि "सर्वांना सविनय नमस्कार" अशी सुरुवात करून भलंमोठं पत्र लिहिलं. गट सांभाळणाऱ्या मुलीचं लगेच उत्तर आलं, "काका, पालकांचा गट वेगळा आहे. हा आमच्यासाठी आहे."

दुसरा कुणी म्हणाला असता, अगं बाई, मीच तो. पण मला कुणी तिकडे जा म्हटलं की मी तिकडे जातो. मूलबाळ नसताना पालकांच्या गटात जाऊन बसलो. एका आईने विचारलं, "तुमचा मुलगा केवढा?" मी खरं ते सांगितलं, "मीच आहे, बावन्न." त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलता येतं, नोकरी आहे, बायको आहे. तुमचं काय हो!" बाई थकलेल्या होत्या, त्यांचंही चूक नव्हतं. मी माफी मागून बाहेर पडलो. इकडे काका, तिकडे उपरा.

मग हिय्या करून पहिल्या गटात परत गेलो. मी पालक नाही, तुमच्यातलाच आहे, असं लिहिलं आणि आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट विचारली. घरी पाहुणे आले, की थोड्या वेळाने मी बाथरूममध्ये जातो, नळ सोडतो आणि पालथ्या बादलीवर बसून राहतो. इतके आवाज सोसत नाहीत. घरच्यांना वाटतं माझं पोट नाजूक आहे. सासूबाई दर भेटीत पोटाचं नवं औषध देतात आणि मी ते घेतो. असं आणखी कुणी करतं का?

आठवडा गेला तरी एक उत्तर नाही. वाचणाऱ्यांचा आकडा तेवढा वाढत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बादलीचं सांगायलाच नको होतं! म्हणजे आपल्यासारख्यांतही आपण विचित्रच, त्यातही पहिला नंबर.

बायकोला एवढंच सांगितलं, की गटात कुणी बोलत नाही. ती म्हणाली, "मग सोडा की तो गट!" सोडायचा तर रीतसर, म्हणून एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये लिफ्टचं काम थांबवून निरोप लिहिला: "माझ्या प्रश्नाची कुणाला किळस आली असेल तर क्षमस्व. मी जातो."

फोन थरथरायलाच लागला.

"काका, थांबा! उत्तर होत आलंय. पहिलं वाक्यच जमत नाहीये."

"मी चार उत्तरं लिहिली. त्यातलं बरोबर कुठलं ते ठरेना."

"मला वाटलं, आधी बाकीचे देतील."

एकाने शंका काढली, "बादली का? स्टूल का नाही?"

अख्खा गट आठवडाभर मला द्यायच्या उत्तराचा खर्डा करत बसला होता! मी कुठल्या तोंडाने हसणार? मीही तिथल्या कितीतरी जणांना उत्तरं लिहून ठेवली होती, पाठवलं एकही नव्हतं.

मग अर्धेमुर्धे खर्डेच यायला लागले. पाहुणे आले की एक जण गाडीत राहिलेली पिशवी आणायला जातो. त्याच्याकडे गाडी नाही. एक निवृत्त शिक्षिका कचरा टाकायला जातात, एकाच संध्याकाळी तीनदा. मी एकटाच खो खो हसलो, मग डोळे भरून आले, ते ग्रीसच्या हाताने पुसले आणि आणखीच चुरचुरले.

शेवटी गट सांभाळणाऱ्या मुलीने लिहिलं, "तुम्हाला तिकडे पाठवलं, चुकलंच माझं. मीपण बाथरूममध्येच जाते, फक्त दिवा बंद करते. आत बसल्यावर तुम्हाला काय वाटतं? सगळं सांगा, कितीही मोठं असू दे."

माझं बोलणं लांबलं की ताई घड्याळ बघते, बायको स्वयंपाकघरात जाते, साहेब "बरं, बरं" म्हणतात. सगळं सांगा, असं मला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.

खाली लोक बंद लिफ्टच्या नावाने बोटं मोडत जिने चढत होते. चढू देत म्हटलं, आणि लिहायला बसलो.