माल्सुनच्या रानातली सावड

सकाळपासून माल्सुनने लसणाच्या दोन सऱ्या उपटल्या, नवऱ्याने, दोकबेने, पाच. त्याच्या हातांना काहीच झालं नव्हतं. तांबडी माती उचकटायची, पात धरून गड्डा ओढायचा, माती झटकून आडवा टाकायचा. सत्तरीचा गडी, पण दम लागत नव्हता. तरी दोघांच्यानं हे रान उरकणारं नव्हतं. दक्षिणेचं आभाळ म्हशीच्या पाठीसारखं काळंभोर झालेलं. तीन दिवसांत झड लागणार, आणि झडीत सापडलेला लसूण जाग्यावर सडतो.

खालच्या रानात बारा बायका हसत-खिदळत लसूण काढत होत्या. चाळीस वर्षांची सावड. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. यंदा माल्सुन सगळ्यांच्या रानात कंबर मोडून आली. तिची पाळी आली, आणि एकही डोकं बांधावर दिसलं नाही.

"त्या बाया हिकडं येनार न्हाईत?" दोकबेनं विचारलं.

"न्हाई."

"का?"

"तुमी नैवेद्याची नाशपाती खाल्ली म्हनून."

"गोड हुती," तो म्हणाला आणि पुढचा गड्डा उपटला.

महिन्यामागं सावडीतल्या सुनबुनताईचा नवरा गेला. फोटोपुढं उदबत्त्या, फळांची रास, आणि सुनबुनताई 'आयगो, आयगो' करत ऊर बडवत होती. दोकबे आत आला. ना वाकला, ना टेकला. राशीवरची नाशपाती उचलून कचकन चावली आणि हसत म्हणाला, "जरा हळू रड की. कान किटले." सगळा मांडव गार पडला. अन् हा कोण? तीस वर्षं गावच्या तिरडीपुढं घंटा वाजवत गाणारा माणूस. त्यानं सूर लावला की मेलेल्याचा वैरीसुद्धा डोळे पुसायचा.

गाव म्हणालं, माजला. माल्सुन म्हणाली, प्यायले होते.

खोटं होतं ते. तालुक्याच्या डॉक्टरनं त्याच्यापुढं फोटो मांडले होते. एक रडणारा, एक चिडलेला, एक घाबरलेला. दोकबेनं एकेक निरखून सांगितलं, "मानूस हाय. ह्योबी मानूस. ह्याचे दात चांगलेत." डॉक्टर माल्सुनला म्हणाले, "ह्यांना सगळं आठवतंय, आजी. पण समोरच्याच्या मनात काय चाललंय, ते ओळखणारा मेंदूचा भाग झडत चाललाय. तुम्हाला काय वाटतं, ते तोंडानं सांगत जा." घरी येताना तिनं ठरवलं, कुणाला बोलायचं नाही. घंटा वाजवणाऱ्याला गावानं खुळा म्हणावं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकून लसूण उपटता येत नाही.

दुपारी वाऱ्याला ओला वास आला, तशी ती हात पुसत गावप्रमुखाच्या कचेरीत गेली.

"भावजी, भोंगा लावा. मला बोलायचंय."

"वैनी, भांडायचं न्हाई हां. मागच्या साली कोंबडीवरनं भोंग्यावर जुंपली, दोन घरं अजून बोलत न्हाईत."

"भांडत न्हाई. लावा."

भोंगा खरखरला. "म्या दोकबेची बायकू," ती म्हणाली. "ते प्यायले नव्हते. म्या खोटं बोलले. त्यांना मानसाचं तोंड वाचता येत न्हाई आता. तुमी रडलात तरी, चिडलात तरी, त्यांना सारकंच. आजार हाय. सुनबुनताई, माफ कर. लसूण सडला तर सडू दे, पन त्यांना माजलेला म्हनू नगा." पुढं सगळ्या डोंगरउतारावर नुसते हुंदके ऐकू गेले, प्रमुखानं बटण दाबेपर्यंत.

ती रानात परतली. दोकबे आठव्या सरीत होता.

"वाऱ्यानं शबुद कळले न्हाईत, पन कोनतरी बाई भोंग्यावर रडत हुती," तो म्हणाला. "प्रमुखाला सांग, कामाच्या येळी असलं लावू नगं म्हनावं."

"म्याच हुते ती."

"व्हय का? मग पानी आन. तहान लागली."

माल्सुन पाणी घेऊन आली, तर बांधावर सुनबुनताई उभी. मागं डोक्याला फडकी बांधलेल्या अकरा जणी, गुपचूप. सुनबुनताई तरातरा चालत दोकबेपुढं आली. तोंड लालबुंद. दोकबे हसला.

"भावजी, नीट बघा माज्याकडं. ह्यो राग हाय. मला तुमचा राग आलाय."

गड्ड्याला कीड आहे का बघावं, तसं त्यानं तिला निरखलं. "बरं. मग म्या काय करायचं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सुनबुनताईचा ओठ थरथरला.

"माज्या मालकाच्या थडग्यावर नाशपाती नेऊन ठेवायची. वाटेत खायाची न्हाई."

"एक का दोन?"

"दोन!" ती ओरडली, डोळे पुसले आणि माल्सुनकडं वळली. "तू कशाला उभी, बये? आभाळ काय तुजी वाट बघनार हाय? वाक!"

बारा पाठी वाकल्या. माल्सुनही वाकली, पण पात दिसेनाशी झाली. डॉक्टरांचं बोलणं आठवून ती हळूच म्हणाली, "अहो, म्या रडतीय."

दोकबेनं मान वर केली. "दुखतंय?"

"व्हय."

"कुठं?"

तिनं मनगटानं डोळे पुसले आणि पुढचा गड्डा धरला. तो आपली सरी सोडून तिच्या सरीत आला आणि उपटू लागला. दया आली म्हणून, की तिच्याकडची माती भुसभुशीत होती म्हणून? माल्सुननं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिलाही काही वाचता आलं नाही. तिनं नाद सोडला आणि त्याच्या मागं मागं जुड्या बांधत निघाली.