हजेरीतला राजा

आमचे हे तमाशात मावशी व्हायचे. गवळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघालेली, डोक्यावर पदर घेऊन कंबर हलवत चालणारी ती चावट म्हातारी. एक दुपार सोडली तर सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं सोंग घेतलं नाही. मिशासुद्धा कधी राखता आल्या नाहीत.

चौऱ्याण्णव साली जत्रांच्या दिवसांत वगातला राजा आजारी पडला. फडाचे मालक म्हणाले, "गेणूतात्या, श्रीगोंद्याच्या हजेरीला राजा तुम्ही करा." हजेरी म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशीचा दुपारचा खेळ. राजाचं सगळं बोलणं यांना पाठ होतं. "एकदा राजा जमला की सुटलो मावशीतून," म्हणत त्यांनी मला तिसगावहून मुद्दाम बोलावून घेतलं.

चिकटवलेल्या मिशा, जरीचा फेटा, हातात तलवार. हे बोर्डावर आले आणि गरजले, "प्रधानजी, आमची प्रजा सुखी आहे ना?"

"आरं, मावशी लई नटली आज!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

सगळे हसले. यांनी आवाज चढवला, तसा हशा वाढला.

"मावशे, मिशा कुणाच्या आणल्या गं?"

पडद्याआडून मालक म्हणाले, "तात्या, पदर घ्या. खेळ हातचा जाईल."

त्यांनी तलवार खाली ठेवली, खांद्यावरचा शेला डोक्यावर ओढला आणि कंबर हलवली. लोकांनी मांडव दणाणून सोडला. मलाही हसू आवरलं नाही, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी बायकांच्या बाजूला माझ्याकडे पाहिलं.

फडात होते तोवर ते मावशीच राहिले. मला मात्र खेळाला पुन्हा कधी बोलावलं नाही.