कोलंबी खाणारी विधवा

लव्हिनिया टकवेल सकाळपासून प्रदर्शनाला न जाण्याची सबब शोधत होती. लंडनच्या प्रदर्शनात रॅम्सगेटच्या समुद्रकिनाऱ्याचं भलंथोरलं चित्र लागलं होतं आणि सासूबाईंनी निघताना भिंग बरोबर घेतलं होतं.

लव्हिनियाचा नवरा होरेस गेल्या वर्षी मार्चमध्ये न्यूमोनियाने गेला. रिवाजाप्रमाणे तिने दोन वर्षं काळे कपडे घालायचे होते. हसणं, भटकणं बंद. सासूबाई या बाबतीत कडक होत्या. स्वयंपाकीणबाई भांडी घासताना गुणगुणली, तर संध्याकाळी तिची सामानाची पेटी फाटकाबाहेर होती.

आणि लव्हिनिया त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, चर्चमध्ये अनाथांसाठी मोजे विणायला जाते असं सांगून, सकाळच्या गाडीने रॅम्सगेटला समुद्रावर गेली होती. दिवसभर वाळूत बसली, शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर कागदातली कोलंबी खाल्ली आणि पोट धरून हसली. किनाऱ्यावरच्या एका घराच्या सज्जात एक चित्रकार दुर्बीण लावून बसलाय, हे तिला कुणी सांगितलं नाही.

"चित्रात काय छान दिसता हो तुम्ही," असं शेजारीण परवा म्हणाली, तेव्हा कळलं.

चित्रापुढे गर्दी एवढी की कठडा घालून पोलीस उभा केला होता. कठड्यापलीकडे चित्रात छत्र्या, गाढवं, बाहुल्यांचा खेळ, फुगलेले झगे, शंभरेक माणसं. त्यात काळ्या कपड्यांतली बाई एकच. तोंड उघडं, हातात कोलंबी.

"आई, डोळे दुखतील तुमचे. ती गाढवं बघा ना."

"गाढवं घरी पुष्कळ पाहिली."

भिंग वाळूवरून सरकत सरकत आलं आणि थांबलं. लव्हिनियाला आपली पेटी फाटकाबाहेर स्पष्ट दिसली. तिच्यावर पाऊस पडत होता.

"सूनबाई. ही तू."

"हो, आई."

"आणि हा शेजारी?"

सासूबाईंनी कठड्यावरून वाकून भिंग चित्रावरच्या काचेला टेकवलं. पोलीस खाकरला.

"हा आपला होरेस," सासूबाई म्हणाल्या. "तेच कान. कोलंबीही तशीच खायचा, सालासकट." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. "मग बिघडलं कुठं? बायकोने नवऱ्याबरोबर समुद्रावर जायचं नाही तर कुणाबरोबर? मला आधी सांगितलं असतंस तर मी एवढी रडले नसते."

"आई, होरेस..."

"हा होरेस नाही? मग कोण आहे?"

लव्हिनियाने त्या अनोळखी कानांकडे पाहिलं. फाटकाबाहेरची पेटी आठवली.

"होरेसच," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी. रविवारी जेवायला घेऊन ये. मटण करू. आणि वेळेवर ये म्हणावं. जिवंत होता तेव्हा एकदाही आला नाही."

सासूबाई खुशीत पुढच्या चित्राकडे वळल्या. लव्हिनिया कठडा धरून तो चेहरा पाठ करू लागली; रविवारपर्यंत हा माणूस शोधून काढायचा होता. चित्रकाराने कान तेवढे नीट काढले होते. बाकीच्यावर टोपीची सावली होती.